संबळ सेकंदांत, सनई मात्रांत: गोंधळाच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

काम ठरलं. घटस्थापना २२ सप्टेंबरला आहे. त्याआधी अंबाबाईच्या गोंधळाचं सलग ध्वनिमुद्रण तयार हवं, कारण नवरात्र लागलं की गोंधळी मामांना श्वास घ्यायला सवड नसते. पथक मामांच्या घरचंच आहे: संबळ, तुणतुणं, झांज आणि झील धरायला दोन पुतणे. मुद्रण माझ्या कोल्हापुरातल्या, मंगळवार पेठेतल्या खोलीत, संगणकावरच्या क्यूबेस या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामवर. सनई आणि पेटी कीबोर्डवर वाजवणार राजारामपुरीतला पोरगा. तो एफएल स्टुडिओ या दुसऱ्या प्रोग्रामवर बसतो आणि त्याचा हात तिथेच चालतो. मिक्स, म्हणजे सगळे आवाज शेवटी एकत्र जुळवणं, पुण्याच्या ताई करणार, त्यांच्याकडे तिसराच प्रोग्राम, रीपर.

एकाची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्याकडे उघडत नाही, हे गृहीत धरूनच आखणी केली. प्रोजेक्ट एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेणाऱ्या ओएमएफ या जुन्या फॉरमॅटचा विचार लगेच सोडला: त्यात ऑडिओ जातो, मिडी (कोणता सूर कधी, किती जोरात वाजला याची नुसती नोंद) जात नाही, शिवाय फाइलीला २ जीबीची मर्यादा. बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी २०२३ मध्ये डॉप्रोजेक्ट हा खुला फॉरमॅट आणला, क्यूबेस १४ मध्ये तो आहेही. मला तो मनापासून आवडतो, पण तो दोन्ही टोकांना असला तरच उपयोगी, आणि आमच्या साखळीत तसं नाही. म्हणजे उरलं जुनंच: ऑडिओसाठी वेव्ह, सुरांसाठी साधी मिडी फाइल.

आजच तिघांनी फोनवर ठरवलं, ४८ किलोहर्ट्झ (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल), २४ बिट, कुणीही बदलायचं नाही. मागच्या वर्षी एका भजनाच्या कामात एका टोकाला ४४.१ राहून गेलं होतं. ४८ हजारांची फाइल ४४.१ हजारांच्या वेगाने वाचली गेली की गाणं लांबतं आणि सूर साधारण दीड सेमीटोन उतरतो. बाई गायल्या होत्या काळी चारमध्ये. ऐकू आल्या काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधोमध. त्या सुरात कुठलीच पेटी लागत नाही. ते काम पुन्हा करावं लागलं होतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मुद्रण झालं. सकाळी दहाला सुरुवात, दुपारी दीडला तिसरा टेक पक्का. लांबी ११ मिनिटं ४० सेकंद.

आठ माइक: लहान संबळ, मोठं संबळ, तुणतुणं, झांज, मामांचा आवाज, झीलकऱ्यांचे दोन आणि खोलीचा एक. टेक सुरू होण्याआधी खोलीच्या मधोमध उभा राहून एक जोरात टाळी वाजवली. ती आठही ट्रॅकवर उमटते. ही टाळी शेवटपर्यंत कापायची नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय.

क्लिक लावून बघितला. मामांनी हेडफोन घातला, चार आवर्तनं वाजवली आणि काढून ठेवला. "कानात हे टकटक चालू असलं की हात आखडतोय माझा. मोकळं वाजवू दे की." मोकळंच वाजवू दिलं, आणि ते बरोबरच होतं. नमन तालाशिवाय, मग संबळ लागतो तो सावकाश, आणि तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला, जेजुरीच्या खंडोबाला एकेक करून "गोंधळा ये" म्हणत बोलावता बोलावता लय चढत जाते. मोजली तर सुरुवातीला मिनिटाला ८४ च्या आसपास, शेवटच्या उदोकारात १३२. ती चढण म्हणजेच गोंधळ. ती सपाट करून मशीनच्या चौकटीत बसवायची असती, तर मामांना बोलावण्याची गरजच नव्हती.

आता अडचण माझी आहे. चौकट नाही, पण सनई-पेटी मिडीवर यायचीय.

२२ ऑगस्ट

राजारामपुरीला साधा मिक्स पाठवला, एमपी३ करून, व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याला सांगितलं: फाइल अगदी शून्यावर ठेव, टेम्पो १२० वर बांधून ठेव, त्याकडे बघूही नकोस, नुसतं ऐकून मोकळ्या हाताने वाजव.

एक गोष्ट आठवणीने करायला लावली. त्याच्या प्रोजेक्टचा टाइमबेस ९६ होता, म्हणजे एका मात्रेचे ९६ तुकडे. १२० च्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तर एक तुकडा सव्वापाच मिलिसेकंदांचा. प्रत्येक सूर जवळच्या तुकड्यावर जाऊन बसतो. पेटीला ते चाललं असतं, सनईच्या मुरक्यांना नाही. ९६० करून घेतला, तुकडा अर्ध्या मिलिसेकंदावर आला.

२४ ऑगस्ट, रविवार

सबंध दिवस टेम्पोच्या नकाशात, म्हणजे कुठे लय किती हे मशीनला सांगण्यात, गेला. या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑडिओचे ट्रॅक घड्याळाच्या चिन्हावर ठेवले, म्हणजे टेम्पो काहीही केला तरी ते जागचे हलत नाहीत. मग क्यूबेसमधलं टाइम वॉर्प हे हत्यार घेऊन प्रत्येक आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बारची रेघ ओढून आणायची. आठ मात्रांचं आवर्तन म्हणजे चार-चारचे दोन बार. सम कुठे, हे पडद्यावरच्या आकृतीवरून ठरवायचं नाही. मोठ्या संबळाचा घुमारा हळूहळू फुगतो, तिथे डोळा फसतो. लहान संबळाची काठी पडते तो क्षण टोकदार दिसतो, तोच धरला. सुरुवातीच्या दहा-बारा आवर्तनांना प्रत्येकी पाच मिनिटं लागली, नंतर हात बसला. एकूण १५२ खुणा.

नमनाचं काय करायचं, यावर बराच विचार केला. तिथे तालच नाही, पण मिडीला मात्रा मोजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. संबळाची पहिली सम पडते ४०.८६ व्या सेकंदाला. तिच्याआधी दहा बार, म्हणजे ४० मात्रा, ठेवायच्या ठरवल्या. ४०.८६ ला ४० ने भागलं की एक मात्रा १.०२१५ सेकंदांची, आणि मिनिटाला ५८.७४ मात्रा. मिडी फाइल टेम्पो असा मिनिटाला किती ठोके म्हणून ठेवतच नाही. एका मात्रेचे मायक्रोसेकंद किती, हा पूर्णांक ठेवते. १२० ची लय म्हणजे ५,००,०००. माझं नमन म्हणजे १०,२१,५००. म्हणून नकाशा फाइलनेच पाठवायचा, फोनवर आकडे सांगून नाही. कुणी "५८.७४ म्हणजे ५९ धरू" म्हणालं, तर पहिलीच सम १८२ मिलिसेकंद आधी येईल. संबळाच्या आधी सनई येईल!

रात्री मेट्रोनोम चालू करून अख्खा टेक ऐकला. क्लिक मामांच्या मागे चालत होता. हे ऐकायला फार समाधान वाटलं.

२६ ऑगस्ट

राजारामपुरीची मिडी आली. वाजवलंय सुंदर. एफएलमधून मिडी काढताना मॅक्रो या मेनूमधली एक आज्ञा आधी द्यावी लागते. ती सगळी वाद्यं काढून त्यांच्या जागी नुसती मिडी पाठवणारे 'मिडी आउट' ठेवते. त्यामुळे प्रोजेक्ट दुसऱ्या नावाने सेव्ह करून मगच ती द्यायची, नाहीतर मूळ सनईचा आवाज, इफेक्ट, सगळं पुसलं जातं. हे आधी बोललो होतो, त्याने तसंच केलं होतं.

मी मात्र फाइल थेट माझ्या नकाशावर आणून टाकली, आणि संबळाच्या पहिल्या समेवर यायची सनई ७० व्या सेकंदाच्या पुढे वाजायला लागली.

दहा मिनिटं मान धरून बसलो, मग उलगडलं. त्याने १२० वर वाजवलंय. ४०.८६ सेकंद म्हणजे त्याच्या हिशेबाने ८१.७२ मात्रा. मिडीत लिहिलेलं असतं ते एवढंच, की ८१.७२ व्या मात्रेला हा सूर. माझ्या नकाशात पहिल्या चाळीस मात्रांनाच ४०.८६ सेकंद लागतात. उरलेल्या एक्केचाळीस ८४ च्या लयीत आणखी तीस सेकंद खातात. ऑडिओचं घड्याळ सेकंदांचं आणि मिडीचं मात्रांचं. दोघांना एकमेकांची भाषा कळते ती फक्त टेम्पोच्या नकाशातून, आणि सूर वाजवताना जो नकाशा होता तोच ठेवून तो आत घ्यावा लागतो.

उपाय: नवीन रिकामा प्रोजेक्ट, टेम्पो १२० वर बांधलेला. त्यात मिडी घेतली. ऐकली, जागच्या जागी. आता सनई-पेटीच्या मिडी ट्रॅकनाही घड्याळाच्या चिन्हावर टाकलं, म्हणजे तेही सेकंदांना चिकटले. मग माझ्या मूळ प्रोजेक्टमधून टेम्पो ट्रॅक बाहेर काढून इथे आणला. खालची चौकट पूर्ण बदलली, सूर जागचे हलले नाहीत, आणि प्रत्येक सुराला त्याचा खरा मात्रांचा पत्ता मिळाला. त्यानंतर ट्रॅक पुन्हा सुराच्या चिन्हावर, म्हणजे मात्रांना बांधलेले.

क्रम उलटा झाला तर सगळं जातं. आधी सेकंदांना बांधायचं, मग नकाशा बदलायचा.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. काम बंद.

२९ ऑगस्ट

सनईची मींड. पोराने "उदो" म्हणताना सा वरून थेट शुद्ध मध्यमावर ओढ घेतलीय, ती ऐकून अंगावर काटा येतो. तीच मिडी माझ्याकडच्या सनईच्या आवाजावर लावली, तर सूर जरासा कण्हला आणि तिथेच थांबला.

"दादा, मी काय चुकलोय का?" त्याचा फोन. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पिच व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं सूर चढवा-उतरवायचं चाक, फाइलीत सूर लिहीत नाही, नुसती चाकाची जागा लिहितं: ० ते १६३८३, मध्य ८१९२. चाक पूर्ण वर गेलं म्हणजे किती सूर चढायचा, हे समोरच्या वाद्याने ठरवायचं. त्याच्या वाद्यात ती मर्यादा १२ सेमीटोन होती. सा ते म पाच सेमीटोन, म्हणून चाक साधारण ११६०५ पर्यंत गेलं. माझ्याकडे मर्यादा होती नेहमीची, २. तोच आकडा तिथे जेमतेम ०.८३ सेमीटोन देतो, म्हणजे मध्यम दूरच राहिला, कोमल ऋषभालाही पोचत नाही.

माझ्याकडे १२ केल्यावर ओढ परत आली. मिडी फाइलीच्या सुरुवातीलाच हे सांगायची सोय आहे: कंट्रोलर १०१ ला ०, १०० ला ०, आणि मग ६ ला १२. ते तीन संदेश घातले. पण सगळीच वाद्यं हे ऐकत नाहीत, म्हणून ताईंसाठी चिठ्ठीतही लिहिलं: सनई, बेंड १२.

त्याने विचारलं, मिडीत सनईच का भरता येत नाही? मला हा प्रश्न योग्य वाटतो, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. मिडी जन्मली ती एका कीबोर्डची बोटं दुसऱ्या कीबोर्डपर्यंत पोचवायला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यव्यापाराच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने. सेकंदाला ३१,२५० बिट जाणारी ती तार. तिच्यातून कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली, चाक कुठे आहे, असंच काय ते जायचं. जोर ० ते १२७. आवाज ज्याच्या त्याच्या घरी. आजही तसंच आहे. म्हणून नियम केला: प्रत्येक मिडी ट्रॅकबरोबर त्याच वाद्याचा ऑडिओही त्याच्याच मशीनवरून काढून द्यायचा. ताईंना आवाज बदलायचा असेल तर मिडी आहे, नसेल तर पोराची सनई जशीच्या तशी आहे.

३१ ऑगस्ट

सनई जागेवर आहे, पण सारखी किंचित मागे वाटते. पोरगा आळसाने वाजवणारा नाही. शंका आली ती टाळीवर. त्याच्याकडे ठेवलेल्या एमपी३ मधली टाळी आणि माझ्या वेव्हमधली टाळी एकाखाली एक ठेवून, एकेक सॅम्पल दिसेल इतकं मोठं केलं. अंतर ११०५ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला २३ मिलिसेकंद.

एमपी३ करताना बहुधा सुरुवातीला ५७६ सॅम्पलची शांतता जोडली जाते, उघडताना ५२९ ची, आणि वाचणाऱ्याने ती कापली नाही तर ती तशीच राहते. तो त्या उशिराच्या संबळावर अचूक वाजवत होता. त्याचे मिडी आणि ऑडिओ दोन्ही २३ मिलिसेकंद आधी सरकवले. सनई संबळाच्या काठीवर येऊन बसली.

यापुढे वाजवायला पाठवायची फाइलही वेव्हच, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तरी डॉक्युमेंट म्हणून. टाळी नसती तर हे अंतर मी कानाने अंदाजे लावलं असतं आणि कधीच बरोबर लागलं नसतं.

२ सप्टेंबर

पोरगा म्हणतो पेटीचा खर्ज सी ५ पासून खाली. माझ्याकडे तीच पट्टी सी ३ दिसते, ताईंच्या रीपरमध्ये सी ४. पट्टी एकच, मिडीत तिचा क्रमांक ६०. चिठ्ठीत सगळीकडे क्रमांकच लिहिले. फोनवर नाव ऐकून कुणीतरी अख्खी पेटी दोन सप्तकं हलवली असती.

ट्रॅकची नावं देवनागरीत होती, मिडी फाइलीतून परत उघडल्यावर त्यांची रेघोट्या-चौकोनांची रांगोळी झाली. मिडी फाइलीत नावं कुठल्या लिपीच्या संकेतात लिहायची हे पक्कं ठरलेलं नाही. नाइलाजाने रोमन अक्षरं, आधी दोन आकडी क्रमांक. "संबळ" असं लिहिता येत नाही याचं वाईट वाटतं.

३ सप्टेंबर

पार्सल बांधलं. प्रत्येक फाइल शून्यापासून ११:४० पर्यंत अखंड. झांज चौथ्या मिनिटाला येते, तरी तिची फाइलही शून्यापासून. ताईंनी सगळ्या फाइली डावीकडे चिकटवल्या की झालं, एकही आकडा वाचायला नको. मोनो ट्रॅक १०१ एमबीचा, आठ झाले. सनई, पेटी आणि खालचा आधारस्वर स्टिरिओ. एकूण १.४ जीबी. मिडी टाइप १, रिझोल्यूशन ९६०, टेम्पो आत.

ऑडिओ दोन प्रकारे काढतात: इफेक्टसकट आणि कोरडा. मी कोरडाच दिला, फक्त पोराच्या सनईची एक ओली प्रत वेगळी, त्याच्या मनातली खोली ताईंना कळावी म्हणून.

शेवटी स्वतःसाठी आणि त्यांच्यासाठी एक पडताळणीची फाइल: सगळे ट्रॅक मध्ये, फेडर शून्यावर, मास्टरवर काहीही नाही.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. दुपारपासून मिरजकर तिकटीकडून ढोल-ताशांचा आवाज. खिडकीच्या काचा थरथरतायत. माइक उघडायचा प्रश्नच नाही. वही नीट केली.

८ सप्टेंबर

ताईंनी उघडलं. मिडी आत घेताना रीपर विचारतं, फाइलमधला टेम्पोचा नकाशा घ्यायचा का. मी आधीच बजावलं होतं, प्रोजेक्ट कोरा असतानाच मिडी घ्या आणि हो म्हणा, ऑडिओ नंतर. त्यांनी तसंच केलं आणि मेट्रोनोम लावून मला फोनवर ऐकवलं. पुण्यातल्या मशीनचा क्लिक कोल्हापूरच्या संबळामागे चालत होता.

मग पडताळणी. माझी फाइल एका ट्रॅकवर, तिची पोलॅरिटी उलटी, म्हणजे तिची लाट खालची वर केलेली. खाली सगळे ट्रॅक. सगळं नीट पोचलं असेल तर बेरीज शांतता यायला हवी. आली नाही, संबळ बारीक आवाजात स्पष्ट वाजत राहिला.

"तुमच्याकडून काही राहिलंय का?" ताई म्हणाल्या. मीही घाबरलो. पण उरलेल्या आवाजात नीट कान दिला तर मोनो ट्रॅक सगळेच होते, आणि स्टिरिओ सनई अजिबात नव्हती. म्हणजे फरक मोनोचा, आणि सगळीकडे सारखा. पॅन लॉ, म्हणजे मध्ये ठेवलेला आवाज किती उतरवायचा याचा प्रोग्रामचा नियम! माझ्याकडे मध्ये ठेवलेला मोनो ट्रॅक ३ डेसिबल खाली येतो. त्यांच्याकडचं सेटिंग शून्यावर होतं, तो तसाच राहतो. त्यांनी मोनो ट्रॅक ३ ने उतरवले. मीटरची सुई खाली गेली, फोनवर काहीच ऐकू येईना. मी दोनदा विचारलं, लाइन चालू आहे ना.

एवढ्या मोठ्या गोंधळाची अशी निखळ शांतता ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आता त्यांच्याकडे जे आहे ते इथलंच आहे, एकही सॅम्पल इकडचं तिकडे नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

पहिला मिक्स आला. मामांना बोलावलं, पुतण्यांनाही. राजारामपुरीचा पोरगा दारातच उभा राहिला, आत येईना; वहिनींनी चहा हातात देऊन त्याला बसवलं.

नमन संपलं, संबळ लागला. मामांची उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. सनईची ती ओढ आली तेव्हा बोटं थांबली. त्यांनी पोराकडे बघितलं.

"सनईवाला कोण आणलेला? त्या दिवशी तर दिसला न्हाई."

पोराने हळूच हात वर केला. मामांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, नवरात्रात सातव्या माळेला मोकळा आहेस का.

ताईंना कळवलेली दुरुस्ती एकच: शेवटच्या उदोकारात झीलकरी दोन डेसिबल वर.